डेमोची वीस मिनिटं आणि नंतरचे तीन आठवडे

शिक्षकाच्या नोकरीच्या मुलाखतीचा फोन आला की बहुतेक जण ‘हो, येतो’ म्हणून फोन ठेवतात. मग रात्री प्रश्न पडायला लागतात. डेमो, म्हणजे निवडीसाठी घ्यायचा नमुना पाठ, कोणत्या वर्गावर? समोर खरी मुलं असणार की मुलाखत घेणारं पॅनेलच मुलं होऊन बसणार? फळा आहे की स्क्रीन? हे सगळं विचारायला संकोच वाटतो, पण शाळेला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट नेमकं विचारणारा उमेदवार तयारीचा वाटतो. फक्त पाच वेळा पाच फोन करू नका, एकाच ई-मेलमध्ये सगळं विचारा:

‘महोदया, मुलाखतीचं पत्र मिळालं, मी वेळेवर पोहोचेन. पाठाच्या तयारीसाठी पुढील गोष्टी कळल्या तर मदत होईल: इयत्ता आणि साधारण विद्यार्थिसंख्या, पाठाला मिळणारी वेळ, घटक शाळा देणार की मी निवडायचा, त्या घटकातलं मुलांचं आधी किती झालं आहे, वर्गात फळा आहे की प्रोजेक्टर, पाठ प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर आहे का.’

उत्तर आलं नाही तर सगळ्यात वाईट शक्यता धरून चाला: वेळ १५ मिनिटं, समोर तीन-चार मोठी माणसं आणि हाताशी फक्त फळा. एवढ्यात बसणारा पाठ कुठेही चालतो.

आधीच्या दोन-तीन दिवसांत

शाळेची वेबसाइट अर्धा तास वाचा, त्याहून जास्त नको. ध्येयवाक्य पाठ करून पॅनेलला ऐकवण्यात काही मिळत नाही, ते त्यांनीच लिहिलेलं असतं. शोधायचं ते असं: अभ्यासक्रम कोणता, एका वर्गात मुलं किती, तुमच्या विषयाला आठवड्याला किती तासिका, आणि ही जागा का रिकामी झाली. कोणाच्या दीर्घ रजेपुरती जागा असेल तर ती किती महिन्यांची, हे जाहिरातीतच बारीक अक्षरांत असतं आणि नेमकं तेच वाचायचं राहून जातं.

कागदपत्रांची फाईल अर्जात ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने लावा. मूळ प्रती एका बाजूला, छायाप्रतींचे दोन संच दुसऱ्या बाजूला, सगळ्यात वर एक पानाची यादी. प्रमाणपत्रांवरच्या नावांत फरक असेल (लग्नानंतर बदललेलं नाव, एखादं वेगळं अक्षर) तर त्याचा पुरावा त्याच फाईलमध्ये ठेवा. निवड झाल्यावर नियुक्ती अडकते ती बऱ्याचदा अशा एका अक्षरावर. आणि ज्यांची नावं संदर्भ म्हणून दिली आहेत त्यांना आधी कळवा. त्यांना अचानक फोन गेला आणि ते ‘कोण बरं हे?’ म्हणाले, तर पुढचं सगळं सांभाळणं कठीण.

डेमो: एकच गोष्ट शिकवा

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे वीस मिनिटांत अख्खा घटक उरकणं. हेतू चांगला असतो, आपल्याला किती येतं ते दिसावं. पण विषय तुम्हाला येतो हे पदवीवर लिहिलेलंच आहे. पॅनेल बघत असतं ते मुलांच्या वह्यांकडे. वीस मिनिटांनंतर मुलांना अशी कोणती गोष्ट जमली जी आधी जमत नव्हती? टाचणाच्या (पाठाच्या लेखी आराखड्याच्या) डोक्यावर हे एका वाक्यात लिहा. वाक्यात ‘आणि’ आला तर उद्दिष्टं दोन झाली, एक कापा.

एक पाठ जवळून बघू. इयत्ता पाचवी, घटक भिन्न छेदाच्या अपूर्णांकांची बेरीज. उद्दिष्ट: छेद वेगळे असतील तर आधी तुकडे सारख्या मापाचे करावे लागतात, हे मुलाला पट्टी वापरून दाखवता येईल.

पहिली दोन-तीन मिनिटं: नाव सांगा, फळ्यावर १/२ + १/३ लिहा आणि मुलांना वहीत उत्तर लिहायला सांगा. काही समजावू नका, बाकांमधून फिरा. बऱ्याच वह्यांत २/५ दिसेल, कारण मुलं वरचे अंक वेगळे आणि खालचे वेगळे मिळवतात. या चुकीवरच पाठ उभा आहे. लगेच ‘चूक’ म्हणू नका. विचारा: ‘२/५ हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?’ कमी. ‘मग आपण अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?’ इथे वर्ग गप्प होतो. होऊ द्या.

पुढची सात-आठ मिनिटं: प्रत्येक जोडीला १८ सेंटिमीटर लांबीची कागदी पट्टी द्या, तिच्यावर ३-३ सेंटिमीटरचे ६ चौकोन आधीच आखलेले असू देत. पट्टीचा अर्धा भाग म्हणजे ३ चौकोन, तिसरा भाग म्हणजे २ चौकोन. दोन्ही रंगवले की ६ पैकी ५ भरतात. उत्तर ५/६ आहे हे मुलंच सांगतात. मग विचारा, ‘सहाच चौकोन का घेतले? पाच घेतले असते तर?’ पाच चौकोनांचा अर्धा भाग करायला गेलं की एक चौकोन फाडावा लागतो. समच्छेद हा शब्द आता फळ्यावर लिहा, आधी नाही.

त्यानंतर पाच मिनिटं १/३ + १/४. या वेळी पट्टीवर किती चौकोन हवेत ते मुलांनी ठरवायचं (बारा). शेवटची तीन मिनिटं एक उदाहरण चिठ्ठीवर सोडवून घ्या आणि चिठ्ठ्या गोळा करा. या चिठ्ठ्या मुलाखतीच्या खोलीत सोबत न्या. त्यांचा उपयोग पुढे येतो.

विषय कोणताही असो, मुलांच्या मनात आधीपासून बसलेली चुकीची समजूत शोधून तिथून सुरुवात केली की पाठ उभा राहतो. विज्ञानात प्रकाशसंश्लेषण घ्या. झाड मातीतून अन्न खातं असं मुलांना वाटतं. सतराव्या शतकातला शास्त्रज्ञ यान व्हॅन हेल्मोंट याने कुंडीत सुमारे ९० किलो कोरडी माती घालून विलो या झाडाचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. सव्वादोन किलोचं झाड ७६ किलोंच्या वर गेलं आणि माती घटली जेमतेम ५७ ग्रॅम. हे आकडे फळ्यावर लिहून ‘मग एवढं वजन आलं कुठून?’ एवढंच विचारा. गंमत म्हणजे हेल्मोंटचं स्वतःचं उत्तरही चुकलं होतं. सगळं पाण्यातून आलं असं त्याला वाटलं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्याच्या लक्षात आला नाही. मोठ्या वर्गावर ही चूकसुद्धा पाठाचा भाग करता येते.

डेमोत काय बिघडतं

प्रश्न विचारून उत्तर आपणच देणं. घाबरलेल्या माणसाला शांतता सहन होत नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण फळ्यासमोर उभं राहून मोजले की जाम लांब वाटतात. घरी घड्याळ लावून सराव करा.

‘समजलं का?’ हा प्रश्न. सगळी मुलं एका सुरात ‘हो’ म्हणतात आणि पॅनेल ते लिहून घेतं, तुमच्या बाजूने नव्हे. त्याऐवजी ‘शेजारच्याला सांग बरं, सहाच चौकोन का?’ असं विचारा.

पहिल्या बाकावरच्या तीन हुशार मुलांशीच पाठ रंगणं. सुरुवातीलाच कोणाच्याही वहीवरची दोन-चार नावं वाचून ठेवा, त्यातलं निदान एक नाव शेवटच्या बाकावरचं असू दे.

यंत्रावर भिस्त. प्रोजेक्टर चालला नाही तर त्याची जुळवाजुळव करण्यात चार मिनिटं जातात, म्हणजे पाठाचा पाचवा हिस्सा. दोन मिनिटांत चित्र आलं नाही तर सोडून द्या आणि फळ्याकडे वळा. हे शांतपणे केलंत तर गुण वाढतात, कमी होत नाहीत. स्वतःचे खडू किंवा मार्कर सोबत असू देत. फळ्याचे मनात तीन भाग करा: डावीकडे घटक आणि मुख्य प्रश्न, मधे काम, उजवीकडे नवे शब्द. डावीकडचा भाग शेवटपर्यंत पुसू नका.

पॅनेल अर्ध्यातच ‘थांबा’ म्हणतं तेव्हा पुष्कळांचा धीर सुटतो. तो नापसंतीचा इशारा असेलच असं नाही, पुढचा उमेदवार बाहेर बसलेला असतो. शेवटची चिठ्ठी कुठल्याही क्षणी देता येईल अशी हाताशी ठेवा आणि ‘एक मिनिट द्या, शेवटचा प्रश्न विचारून थांबते’ असं म्हणा.

समोर मोठी माणसंच मुलं होऊन बसली असतील तर त्यातलं कोणीतरी मुद्दाम चुकीचं उत्तर देणार, कोणी मोबाईल काढणार, कोणी ‘मॅडम, याने माझी पेन्सिल घेतली’ म्हणणार. हसून सोडून देऊ नका आणि दटावूही नका. पाचवीच्या मुलाशी जसं वागाल तसंच वागा. चुकीच्या उत्तरावर ‘कसं काढलंस ते सांग’ हे एक वाक्य बहुतेक ठिकाणी पुरतं. तुमचीच फळ्यावर चूक झाली तर ‘थांबा, इथे माझं चुकलं’ म्हणून उघड दुरुस्त करा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा आणि ते कुठे शोधता येईल ते सांगा. थाप मारली तर पॅनेलमधला विषयतज्ज्ञ ती लगेच पकडतो.

खुर्चीतली मुलाखत

पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: ‘पाठ कसा झाला असं वाटतं?’ इथे ‘छान झाला, मुलांनी चांगला प्रतिसाद दिला’ म्हणणं म्हणजे हातातली संधी घालवणं. आता त्या चिठ्ठ्या काढा. ‘चोवीसपैकी सतरा जणांचं बरोबर आलं. पाच जणांनी छेद सारखे केले पण अंश तसेच ठेवले. उद्या तास असता तर त्या पाच जणांना पट्टी पुन्हा दिली असती. दोघांनी काहीच लिहिलं नाही, त्यांच्याजवळ मी पोहोचलेच नाही.’ पाठ सुमार झाला असेल तरी अशा उत्तराने पुष्कळ सावरता येतं.

बाकीचे प्रश्न बरेचसे प्रसंगावर असतात: वर्ग ऐकत नाही तेव्हा काय करता, मागे पडलेल्या मुलाचं काय केलंत, रागावलेले पालक आले तर? उत्तर दीड-दोन मिनिटांचं असावं: प्रसंग काय होता, मी काय केलं, काय बदललं, आज वेगळं काय करेन. नोकरीचा अनुभव नसेल तर सरावपाठातला, शिकवणीतला, शेजारच्या एका मुलाला शिकवतानाचा प्रसंग चालतो. ‘मी मुलांना प्रेमाने जिंकते’ यासारखी वाक्यं पॅनेलने सकाळपासून सहा वेळा ऐकलेली असतात.

एक प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे: ‘एखादं मूल तुम्हाला म्हणालं, कोणाला सांगू नका, पण घरी मला मारतात, तर?’ बाकी सगळं उत्तम जाऊन इथे नकार मिळू शकतो. गुप्त ठेवण्याचं वचन द्यायचं नाही, हे उत्तरात यायलाच हवं. मुलाचं शांतपणे ऐकायचं, त्याच्या तोंडात शब्द घालणारे प्रश्न विचारायचे नाहीत, तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत तारीख-वेळेसह लिहून ठेवायचं आणि शाळेत ज्यांच्याकडे ही जबाबदारी असेल त्यांना त्याच दिवशी सांगायचं. स्वतः चौकशी करायची नाही आणि पालकांना परस्पर फोनही करायचा नाही.

आधीची शाळा का सोडता, यावर तिथल्या तक्रारी सांगू नका, खऱ्या असल्या तरी. लग्न, मुलंबाळं असे खासगी प्रश्न आले तर वाद न घालता कामावर या: ‘शाळेच्या वेळा आणि परीक्षेच्या काळातलं काम मला जमण्यासारखं आहे.’

तुम्हाला काही विचारायचंय का, यावर ‘नाही’ म्हणू नका. आठवड्याच्या तासिका किती, वर्गशिक्षकाचं काम असेल का, नव्या शिक्षकाला पहिल्या सत्रात कोणाची मदत मिळते, यातलं एखाद-दुसरं विचारा. पगाराचा विषय त्यांनी काढला नाही तर निवडीनंतर काढा. उठण्यापूर्वी मात्र हे विचाराच: ‘निर्णय साधारण कधीपर्यंत कळेल आणि कोणाकडून?’ या एका वाक्याने पुढचे आठवडे सुसह्य होतात.

बाहेर पडल्यावर

बसमध्ये, बाकावर, जिथे जागा मिळेल तिथे तासाभरात लिहून काढा: कोणते प्रश्न आले, कुठे अडखळलात, पॅनेलमध्ये कोण कोणत्या पदावर होतं, निर्णयाची कोणती तारीख सांगितली. दुसऱ्या दिवशी यातलं निम्मं आठवत नाही. चोवीस तासांच्या आत चार ओळींचा आभाराचा ई-मेल पाठवा. मागितलेलं एखादं कागदपत्र राहिलं असेल तर त्याच ई-मेलला जोडा. मुलाखतीत चुकलेल्या उत्तराचं स्पष्टीकरण त्यात लिहू नका, ते विसरले असतील तर कशाला आठवण करून द्यायची?

वाट पाहण्याचं काम

शाळा गप्प असते तेव्हा आपल्याला ती आपल्याविषयीच गप्प आहे असं वाटतं. बहुतेक वेळा कारण दुसरंच असतं. शेवटच्या उमेदवाराची मुलाखत व्हायची असते. व्यवस्थापनाच्या बैठकीत मंजुरी मिळायची असते. प्रवेश किती झाले त्यावर तुकडी वाढणार की नाही हे ठरायचं असतं. संदर्भ दिलेल्या व्यक्तीचं उत्तर आलेलं नसतं (हे तुम्ही तपासू शकता, त्यांना एक फोन करा). आणि कधीकधी पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला त्यांनी विचारलेलं असतं आणि तो विचार करत बसलेला असतो. अशा वेळी दुसऱ्या क्रमांकाला शाळा हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

वेळापत्रक साधं ठेवा. तारीख सांगितली असेल तर ती उलटून कामाचे दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग ई-मेल करा. तारीख सांगितलीच नसेल तर आठ-दहा दिवसांनी. मजकूर एवढाच: ‘अमुक तारखेला अमुक पदासाठी मुलाखत दिली होती. निवडीची प्रक्रिया कुठवर आली आहे हे कळवलंत तर आभारी राहीन. या जागेत मला अजूनही रस आहे.’ आठवडाभरात उत्तर नाही आलं तर कार्यालयाला एक फोन, पहिली तासिका आणि सुटीची गडबड टाळून. त्यानंतर थांबा. पॅनेलमधल्या कोणाच्या खासगी नंबरवर रात्री संदेश टाकणं, न कळवता शाळेत जाऊन उभं राहणं, ओळखीच्या माणसाकरवी चौकशी करणं, यातल्या कशानेही निर्णय लवकर होत नाही. जो होतो तो बिघडू मात्र शकतो.

ई-मेलमधला स्पॅमचा कप्पा रोज बघा. अनोळखी नंबर उचला. अर्जांसाठी वहीचं एक पान आखा: शाळा, पद, अर्जाची तारीख, मुलाखतीची तारीख, सांगितलेली निर्णयाची तारीख, आठवण कधी केली, निकाल. आणि या काळात नवे अर्ज थांबवू नका. एकाच शाळेवर डोळे लावून बसलेल्या माणसाला वाट पाहणं दुप्पट जड जातं, शिवाय भरतीचा हंगाम निघून जातो.

सध्याच्या नोकरीचा राजीनामा लेखी पत्र हातात आल्यावरच द्यायचा. ‘तुमचं जवळजवळ नक्की आहे’ हे वाक्य फोनवर कितीही गोड वाटलं तरी त्याच्या जोरावर जागा सोडू नका.

मधेच दुसऱ्या शाळेचा होकार आला तर? तिला दोन-तीन दिवसांची मुदत मागा, बहुतेक मिळते. त्याच दिवशी पहिल्या शाळेला लिहा: ‘मला दुसरीकडून नियुक्तीचा प्रस्ताव आला आहे आणि गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तुमची शाळा माझी पहिली पसंती आहे, त्याआधी काही कळू शकेल का?’ प्रस्ताव आलेला नसताना हे लिहू नका. ‘मग घेऊन टाका’ असं उत्तर आलं की पंचाईत.

उत्तर आल्यावर

होकार असेल तर पत्रात बघा: पद आणि इयत्ता, रुजू होण्याची तारीख, एकूण पगार आणि कपातीनंतर हातात येणारा, परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) काळ, आठवड्याच्या तासिका, रजा, नोटीस किती दिवसांची. तोंडी ठरलेलं काही पत्रात नसेल तर सही करण्याआधी विचारा, नंतर नाही.

प्रतीक्षा यादीत नाव असेल तर क्रमांक कितवा आणि यादी कधीपर्यंत ग्राह्य, हे दोन प्रश्न विचारा आणि शोध चालू ठेवा.

नकार आला तर ‘मी कुठे कमी पडलो?’ असं मोघम विचारलं की मोघमच उत्तर येतं. त्यापेक्षा ‘डेमोत एक गोष्ट वेगळी करायला हवी होती तर ती कोणती?’ असं विचारा, उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. टाचण आणि उरलेल्या पट्ट्या फाईलमध्ये ठेवून द्या. तोच पाठ दुसऱ्यांदा घेताना वेळ कुठे वाचवायचा ते आता ठाऊक असतं.

आणि एखाद्या शाळेचं पत्र स्वीकारलंत की वहीचं ते पान उघडून बाकीच्या शाळांना त्याच दिवशी कळवा, दोन ओळी पुरतात. त्यातल्या एखाद्या शाळेत कदाचित तुमचंच नाव पहिलं असेल आणि दुसऱ्या क्रमांकाचा माणूस अजून स्पॅमचा कप्पा तपासत बसला असेल.